"या ना, बघा" म्हणण्याआधी

सकाळचे साडेसहा. बेल वाजते. दारात साध्या कपड्यांतले दोघे, जिन्याच्या वळणावर खाकीतला एक. "चेकिंग इदे, दो मिनट अंदर देखना है." आत कुकरची शिट्टी, मुलाची शाळेची बस चुकायची भीती, आणि समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालेलं. अशा वेळी बहुतेकांच्या तोंडून निघून जातं, "या ना, बघा." लपवण्यासारखं काही नसतं, आणि नको म्हटलं तर उगाच संशय यायचा.

या दोन-तीन शब्दांचं कागदावर "राहणाऱ्याच्या संमतीने झडती घेतली" असं वाक्य होतं. ती संमती राजीखुशीची होती का, हे पुढे वकील विचारतो, क्वचित न्यायाधीशही विचारतात. पण उत्तर ठरून जातं ते त्या सकाळी, दारातच.

हा लेख बंगळूरच्या यशवंतपूर आणि आसपासच्या मराठी माणसांसाठी आहे. पंढरपूर-लातूरकडची गाडी इथून सुटते, मार्केट यार्डात महाराष्ट्राचा कांदा उतरतो, मत्तिकेरेच्या पीजींमध्ये आपली मुलं राहतात, पीण्या भागातल्या कारखान्यांत आपली माणसं पाळ्या करतात. यातले बरेचजण भाड्याच्या खोलीत, कन्नड जेमतेम बोलणारे, वाचता तर मुळीच न येणारे. संमतीचा घोळ सगळ्यात जास्त होतो तो अशाच दारात.

पहिली गोष्ट: पोलीस कशाच्या आधारावर आले आहेत? हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यात घरात शिरायचे रस्ते ठरलेले आहेत. एक, न्यायालयाचं झडतीचं वॉरंट. दुसरा, कलम १८५ खालची विनावॉरंट झडती. त्यासाठी तपास चालू असलेला गुन्हा लागतो, हवी असलेली वस्तू इथेच असण्याला सबळ कारण लागतं, आणि वॉरंट आणेपर्यंत फार उशीर होईल अशी परिस्थिती लागते. अधिकाऱ्याने ती कारणं केस डायरीत आधी लिहायची असतात आणि शक्य तितकं नेमकं लिहायचं असतं की शोधतोय काय. तिसरा, कलम ४४: ज्याला अटक करायची तो माणूस या घरात शिरला आहे असं मानायला कारण असेल तर त्याच्या शोधासाठी. अमली पदार्थांसारख्या खास कायद्यांची स्वतंत्र कलमं आहेत. तिथे सूर्यास्तानंतर विनावॉरंट घरात शिरायचं तर त्याची जादा कारणं लिहावी लागतात.

यांपैकी एखादा रस्ता खरोखर उपलब्ध असेल तर तुमची संमती लागतच नाही. दार उघडायचं, बाजूला व्हायचं. कलम १०३ तसं बजावतं. वॉरंट दाखवल्यावर घरात राहणाऱ्याने किंवा घर ज्याच्या ताब्यात आहे त्याने आत येऊ द्यायचं आणि झडतीला वाजवी सोय करून द्यायची.

आणि संमतीने झडती? नव्या संहितेत तिच्यासाठी कलमच नाही, जुन्या संहितेतही नव्हतं. म्हणून ती निसरडी. वॉरंट नाही, गुन्हा नोंदलेला नाही, कारणं लिहिलेली नाहीत, तरी आत यायचं असेल तर उरतो तो तुमचा होकार. त्यामुळे कोणी फार गोड बोलून परवानगी मागत असेल, तर परवानगीवाचून त्यांचं अडत असण्याचा संभव मोठा. ज्याच्या हातात वॉरंट आहे तो सहसा परवानगी मागत बसत नाही.

इथे एक वाक्य पाठ करून ठेवा: "माझी संमती नाही, पण मी अडवतही नाही." दोन्ही अर्धी तितकीच महत्त्वाची. पहिल्या अर्ध्याने तुम्ही होकार दिला नाही हे नोंदलं जातं. दुसऱ्या अर्ध्यामुळे सरकारी कामात अडथळा आणल्याचा आरोप चिकटत नाही. कन्नडमध्ये "नन्न ओप्पिगे इल्ला, आदरे अड्डी माडल्ला" एवढं पुरे. आवाज चढवू नका, दारात हात आडवे लावू नका, आणि कडीशी झोंबाझोंबी तर मुळीच नको.

एका जुन्या खटल्याची हकीकत वकील लोक आवडीने सांगतात. राजस्थानातल्या रहमान नावाच्या शेतकऱ्याच्या घरी तंबाखूच्या अबकारी करासाठी झडती घ्यायला पथक गेलं. त्याने विरोध केला, त्यात धक्काबुक्की झाली, खटला भरला गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये म्हटलं की झडतीची कारणं आधी लिहून ठेवणं हा उपचार नव्हे, ती लिहिलेली नसल्याने झडतीच बेकायदा होती. रहमान सुटला. पण हा खटला वाचून कोणी दारात उभं ठाकू नये, असं माझं स्पष्ट मत. रहमान सुटला तो सर्वोच्च न्यायालयापर्यंतचा रस्ता तुडवल्यावर. डायरीत कारणं लिहिली आहेत की नाहीत, हे दारात उभ्या माणसाला कळायला मार्ग नसतो.

आता मूळ प्रश्न: होकार दिलाच, तर तो स्वेच्छेचा कधी म्हणायचा?

भारतीय न्याय संहितेचं कलम २८ हे जुन्या दंडविधानाच्या कलम ९० चंच नवं रूप. भीतीपोटी किंवा वस्तुस्थितीच्या गैरसमजातून दिलेली संमती ही संमतीच नव्हे, जर समोरच्याला ते ठाऊक असेल किंवा ठाऊक असायला कारण असेल तर. हे कलम गुन्ह्यांच्या संदर्भात आहे हे खरं, पण बेकायदा गृहप्रवेश हाही गुन्हाच आहे, आणि मापपट्टी म्हणून ती दोन टोकं चांगली आहेत: भीती आणि गैरसमज. "स्टेशनला येऊन बसावं लागेल, बायकोलाही आणावं लागेल" हे ऐकून दिलेला होकार भीतीचा. "वॉरंट आहे, वर साहेबांकडे आहे" असं खोटं सांगितल्यावर दिलेला होकार गैरसमजाचा.

दुसऱ्या प्रकारावर अमेरिकेतला १९६८चा बम्परचा खटला नेमका आहे. नॉर्थ कॅरोलायनात एका वयस्क कृष्णवर्णीय विधवेच्या दारात चार अधिकारी आले आणि घर तपासायचं वॉरंट आहे म्हणाले. तिने आत या म्हटलं. पुढे सरकारी पक्षाने वॉरंटवर भिस्त ठेवलीच नाही, तिच्या संमतीवर ठेवली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती मानली नाही. वॉरंट आहे म्हणणं म्हणजे नाही म्हणायचा हक्कच तुला नाही असं सांगणं, मग उरतं ते मुकाट्याने मान तुकवणं. आपल्या न्यायालयांवर हा निकाल बंधनकारक नाही, पण युक्तिवादाला तो धार देतो.

आपल्याकडे स्वेच्छेच्या संमतीचा सगळ्यात कडक नमुना हवा असेल तर तो कर्नाटकातूनच गेलेल्या एका खटल्यात आहे. ५ मे २०१० चा सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य. नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. संमती कशी घ्यायची तेही मानवाधिकार आयोगाच्या २०००च्या मार्गदर्शक सूत्रांचा आधार घेऊन घालून दिलं: वकील भेटलेला असावा, चाचणीचे शारीरिक, मानसिक आणि कायदेशीर परिणाम समजावलेले असावेत, आणि संमती पोलिसांसमोर नव्हे, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावी. घरझडतीला हे नियम जसेच्या तसे लागू नाहीत. पण तुमचा वकील न्यायालयाला विचारू शकतो की माणसाच्या मनात डोकावण्याआधी एवढी काळजी, तर त्याच्या कपाटात डोकावण्याआधी निदान "नाही म्हणता येतं" एवढं तरी सांगायला काय हरकत होती?

घरात चारजण असतील तर? समजा पीजीच्या एका खोलीत तीन मुलं. एकाने सगळ्यांच्या वतीने सही केली. राजस्थान सरकार विरुद्ध परमानंद हा २०१४चा निकाल इथे आठवावा. अमली पदार्थांच्या संशयावरून दोघांची अंगझडती होती. सूरजमलने स्वतःसाठी आणि परमानंदसाठीही सही करून पोलिसांना मोकळीक दिली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हक्क प्रत्येकाला वेगळा सांगायला हवा, एकाच्या सहीने दुसऱ्याचा हक्क जात नाही. हा निकाल अमली पदार्थ कायद्यातल्या अंगझडतीच्या कलम ५० वरचा आहे, घराच्या झडतीवरचा नव्हे. तरी खोलीतल्या तिघांनी तो लक्षात ठेवावा: स्वतःच्या बॅगेपुरतं बोला. "माझी बॅग ही, बाकीच्यांचं मला माहीत नाही." मित्राच्या कपाटाची किल्ली काढून देऊ नका.

पीजीचे मॅनेजर आणि घरमालक हा तर वेगळाच अध्याय. मास्टर किल्ली त्यांच्याकडे असते, आणि पोलिसांशी संबंध बिघडू नयेत ही त्यांची गरज असते. ब्रिटनमध्ये झडतीसाठी जी आचारसंहिता आहे तिच्यात नुसत्या घरमालकाच्या परवानगीवर भाडेकरूची खोली तपासू नये अशी सूचना आहे. तिथे संमती शक्यतो लेखी घ्यायची आणि तुम्ही ती द्यायला बांधील नाही हे आधी सांगायचं, असाही दंडक आहे. आपल्याकडे असं काही छापलेलं नाही. म्हणून भाडेकराराच्या वेळीच मालकाशी साधं बोलून ठेवावं: पोलीस आले तर मला फोन करा, मी नसताना खोली उघडून देऊ नका, वॉरंट असेल तर त्याचा फोटो पाठवा. भाडेकरू पडताळणीसाठी बीट पोलीस येतात तेव्हा त्यांचं काम दारातच होतं. आधार, करार, मोबाइल नंबर. त्यासाठी गादी उचलायची गरज नसते.

आता एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकी मालिका बघून अनेकांचा समज होतो की झडती बेकायदा ठरली की पुरावा बाद, खटला खलास. भारतात तसं नाही. १९७४च्या पूरन मल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पुरावा प्रस्तुत असेल तर तो बेकायदा झडतीत मिळाला एवढ्यावरून फेकून देता येत नाही. त्याआधी १९६३च्या राधाकिशन खटल्यातही तोच सूर होता: झडती बेकायदा असली तरी जप्ती बुडत नाही, मात्र अशा जप्तीचा पुरावा न्यायालय अधिक डोळसपणे तपासेल. म्हणजे "संमती जबरदस्तीची होती" हे सिद्ध झाल्याने तुमच्या कपाटात सापडलेली वस्तू अदृश्य होत नाही. फरक पडतो तो दुसरीकडे. वस्तू खरंच तिथे होती का, कोणी ठेवली, पंच खरे होते का, यावर शंका घ्यायला जागा होते. आणि अधिकाऱ्यावर तक्रार करायची तर तिला पाया मिळतो. त्यामुळे संमतीचा मुद्दा हा सुटकेचा हमखास मंत्र म्हणून विकणाऱ्या वकिलापासून चार हात लांब राहावं.

तरी घर हे घर आहे, हे आपल्या न्यायालयांनी हळूहळू मान्य केलंय. उत्तर प्रदेशातल्या खडक सिंगला १९४१ साली दरोड्याच्या प्रकरणात पकडलं आणि पुराव्याअभावी सोडलं. तरी पोलिसांनी त्याची हिस्ट्री शीट उघडली. रात्री-अपरात्री शिपाई यायचे, दार ठोठावायचे, त्याला उठवून खात्री करायचे. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या. रावडी शीटरांच्या, म्हणजे पोलिसांच्या यादीतल्या गुंडांच्या, घरांवर पहाटे छापे ही बंगळूरच्या वर्तमानपत्रांतली नेहमीची बातमी. ती वाचताना मला खडक सिंग आठवतो. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं, आणि झडतीच्या बाबतीत असा हक्क नाकारणारा १९५४चा एम. पी. शर्मा निकाल तेवढ्यापुरता मोडीत निघाला. ज्यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते, बंगळूरचेच रहिवासी.

आता कागद. इथे मराठी माणूस हमखास फसतो. महाराष्ट्रात ज्याला पंचनामा म्हणतात त्याला इथे महजर म्हणतात, आणि तो कन्नडमध्ये असतो. कलम १०३ प्रमाणे झडतीआधी त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवायचे असतात. तसे कोणी मिळाले नाहीत किंवा तयार झाले नाहीत तरच बाहेरचे. झडती त्यांच्या समोर व्हायची, जप्त वस्तूंची आणि त्या कुठे सापडल्या याची यादी व्हायची, त्यावर पंचांच्या सह्या. तुम्हाला झडतीच्या वेळी हजर राहायचा हक्क आहे, आणि यादीची प्रतही मिळायलाच हवी. स्वयंपाकघर, बेडरूम आणि माळा एकाच वेळी तपासायला निघाले तर नम्रपणे सांगा, एकेक खोली घ्या, मी सोबत आहे.

पंच कोण, याला किती वजन असतं ते एल्गार परिषद प्रकरणात दिसलं. २८ ऑगस्ट २०१८ रोजी पुणे पोलिसांनी देशातल्या अनेक शहरांत घरझडत्या घेतल्या आणि पंच म्हणून पुणे महापालिकेचे कर्मचारी सोबत नेले. सर्वोच्च न्यायालयात बहुमताचा निकाल पोलिसांच्या बाजूने गेला, पण न्या. चंद्रचूड यांनी भिन्नमतात या पंचांच्या निवडीवर बोट ठेवलं. त्याच प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१८ रोजी अटक झालेल्या गौतम नवलखा यांचा ट्रान्झिट रिमांड, म्हणजे त्यांना पुण्याला नेण्याची परवानगी, रद्द केला. सुनावणीत एक प्रश्न सतत डोकं वर काढत होता: कागद मराठीत, मग दिल्लीच्या दंडाधिकाऱ्यांना ते कळले कसे? यशवंतपुरात तोच प्रश्न उलट्या बाजूने तुमच्यासमोर येतो.

महजरावर सही मागितली तर आधी वाचून दाखवायला सांगा. "ननगे कन्नड ओदोक्के बरल्ला." मग सहीच्या वर, स्वतःच्या हाताने, मराठीत लिहा: "कन्नड वाचता येत नाही. मजकूर समजावून सांगितला / सांगितला नाही. झडतीला माझी संमती नव्हती. यादीची प्रत मिळाली / मिळाली नाही." वेळ आणि तारीख टाका. मराठीत लिहिलेलं चालतं का, असं लोक विचारतात. चालतं. न्यायालय त्याचं भाषांतर करून घेतं, आणि तुमच्याच अक्षरातलं वाक्य नंतर कोणाला घुसडता येत नाही. कोरी जागा असेल तिथे तिरकी रेघ मारा. कोऱ्या कागदावर सही मात्र कोणत्याही कारणाने नको. "स्वइच्छा हेळिके" असं शीर्षक दिसलं तर थांबा. ते स्वखुशीचं निवेदन म्हणून तयार केलेलं असतं. तपासात पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, असं कलम १८१ म्हणतं.

नव्या संहितेने एक खरोखर उपयोगी गोष्ट आणली आहे. कलम १०५ आणि १८५ प्रमाणे झडतीचं चित्रीकरण, शक्यतो मोबाइलवर, करायचंच आहे, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे जायचं आहे. म्हणून विचारा, "रेकॉर्डिंग चालू आहे ना?" आणि कॅमेरा चालू असताना स्पष्ट आवाजात तेच वाक्य म्हणा: संमती नाही, अडवत नाही. पुढे संमती राजीखुशीची होती की कशी, यावर दोन्ही बाजूंनी तासभर वाद होण्याऐवजी दहा सेकंदांची फीत बोलेल. तुमच्या सोसायटीचा किंवा समोरच्या दुकानाचा सीसीटीव्ही असेल तर त्याची फीत त्याच दिवशी मागून घ्या. काही दिवसांत ती आपोआप पुसली जाते.

फोनचं काय? इथेही खटला बंगळूरचाच आहे. अमली पदार्थांच्या प्रकरणातल्या वीरेंद्र खन्ना यांच्या याचिकेवर १२ मार्च २०२१ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाचे न्या. सूरज गोविंदराज यांनी मोबाइल आणि लॅपटॉपच्या झडतीसाठी सविस्तर मार्गदर्शक सूत्रं दिली. पोलीस पासवर्ड मागू शकतात, समोरचा देऊ शकतो किंवा नाकारू शकतो. नाकारला तर पोलिसांनी न्यायालयात जाऊन वॉरंट किंवा आदेश घ्यायचा. पासवर्ड देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, असंही याच निकालात आहे, तेव्हा न्यायालयाचा आदेश आल्यावर हा बचाव टिकणार नाही. पण दारात, आदेशाविना, "जरा फोन अनलॉक कर" हा नुसता प्रश्न आहे, हुकूम नव्हे. त्याच निकालात पॉलिग्राफच्या संदर्भात न्यायालय म्हणतं की गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. तरी तुम्ही गप्प राहू नका. नाही म्हणायचं तर नाही म्हणा.

सोन्या-चांदीच्या धंद्यातल्या लोकांसाठी थोडं वेगळं. सोनं-चांदी गाळणारे खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले देशभर पसरलेत, बंगळूरच्या पेठांतही आहेत. या धंद्यातली जुनी तक्रार अशी: कुठला तरी चोर पकडला जातो, तो "यांच्याकडे विकलं" म्हणतो, आणि बाहेरगावचं पथक दुकानात किंवा घरात येतं. पथक महाराष्ट्रातलं असेल तर बोलणं होतं ते आपल्या भाषेत. आपली भाषा ऐकली की दारही लवकर उघडतं आणि तोंडही. मग "एवढं सोनं देऊन टाका, नाव घेत नाही" असा सौदा पुढे येतो, आणि कागदावर उतरतं, "स्वखुशीने हजर केले." या तीन शब्दांखाली सही गेली की तुम्ही चोरीचा माल बाळगल्याचं जवळपास कबूल केल्यासारखं होतं. दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत झडती घ्यायची तर कलम १८६ प्रमाणे तिथल्या ठाण्यामार्फत घ्यायची असते. उशिराने माल गायब होईल अशी भीती असेल तर थेट घेता येते, पण स्थानिक ठाण्याला लगेच यादीसह कळवावं लागतं. म्हणून पहिला प्रश्न: यशवंतपूर ठाण्याला कळवलंय का? आणि लगेच ११२ ला फोन करून तिथेच खात्री करा. पथक खरं असेल तर त्यात राग येण्यासारखं काही नाही. तोतये असतील तर त्यांना तेवढंच नको असतं. व्हिडिओ कॉलवरून झडती किंवा "डिजिटल अरेस्ट" असला प्रकार कोणत्याही कायद्यात नाही. तो फोन सरळ कापा आणि १९३० वर कळवा.

स्त्रियांच्या बाबतीत: अंगझडती स्त्रीनेच घ्यायची, मर्यादा सांभाळून. हे कलम १०३ मध्येच आहे. घरात एकटी बाई असेल आणि पथकात महिला पोलीस नसेल, तर "महिला पोलीस येईपर्यंत मी दारात थांबते, शेजारच्या ताईंना बोलावते" असं म्हणणं पूर्ण रास्त आहे. वॉरंट असेल तर प्रवेश त्यामुळे अडणार नाही, पण शेजारची साक्षीदार मिळाली तर पुढे तिचा उपयोग होतो.

प्रत्येक वेळी नाहीच म्हणावं असं माझं म्हणणं नाही. तुमच्याच घरी चोरी झाली आहे आणि ठसे घ्यायला पोलीस आलेत, किंवा शेजारचं हरवलेलं पोर शोधायला गच्ची-माळे बघतायत, तर नाही म्हणण्यात काय हशील? फक्त होकार मर्यादित ठेवा आणि तो तसाच लिहून द्या: "फक्त गच्ची आणि बाहेरची खोली, अमुक कारणासाठी." होकार तुमचा असेल तर त्याला कुंपण घालायचा हक्कही तुमचाच.

झडती होऊन गेल्यावर त्याच दिवशी, झोपण्याआधी, सगळं लिहून काढा. किती वाजता आले, किती जण, कोणाच्या नावाची पट्टी दिसली, वॉरंट दाखवलं का, फोन आधी काढून घेतला का, मुलांना वेगळं बसवलं का, "नाही म्हणता येतं" असं कोणी म्हणालं का, सही आधी घेतली की नंतर. स्वेच्छा होती की नव्हती हे न्यायालय पुढे याच बारकाव्यांवरून जोखतं, आणि दोन वर्षांनी यातलं निम्मं आठवत नाही. घरातल्या दुसऱ्या प्रौढ माणसालाही स्वतंत्र लिहू द्या. एकमेकांचं वाचून लिहिलेलं उलटतपासणीत लगेच ओळखू येतं.

विनावॉरंट झडती असेल तर कलम १८५ प्रमाणे कारणांच्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्यांकडे गेलेली असायला हवी, आणि अर्ज केल्यावर ती तुम्हाला विनामूल्य मिळते. हा अर्ज पहिल्याच आठवड्यात करा. नोंद गेलीच नसेल तर तेही याच अर्जातून बाहेर येतं. अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार असेल तर डीसीपी, पोलीस आयुक्त, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण, मानवी हक्क आयोग असे दरवाजे आहेत. पोच घेतल्याशिवाय कुठेही कागद देऊ नका. वकील परवडत नसेल तर १५१०० या विधी सेवा क्रमांकावर फोन करा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोनवर एवढं आवर्जून सांगा की कन्नड वाचणारा आणि मराठी किंवा हिंदी बोलणारा वकील हवा, म्हणजे पहिल्या तारखेच्या आत तो महजर तुम्हाला ओळीन् ओळ वाचून दाखवेल.